घोडीला दिलेलं उत्तर

घोडी दारात आली तेव्हा कस्तुरी नुकतीच झोपली होती. आठ महिन्यांची पोर, छाती भरली म्हणून आठवडाभर हॉस्पिटलात काढून परवाच घरी आलेली. कुणी नुसतं शिंकलं तरी सुचेता पोरीला घेऊन आतल्या खोलीत जाई. आणि आज अख्खी गल्ली दारात, त्यातली निम्मी खोकणारी.

वेल्समधल्या त्या गावात जानेवारीत ही मारी लूइड घरोघर फिरते. काठीवर घोड्याची खरी कवटी, डोळ्यांच्या जागी हिरव्या बाटल्यांची बुडं, मानेला रंगीत फिती, खाली लांब पांढरी चादर आणि चादरीत माणूस. दोरी ओढली की जबडा खटाखट वाजतो. घोडीने यमकात टोमणा मारायचा, घरच्यांनी यमकातच परतवायचा. घर अडलं की सगळी मंडळी आत घुसणार, खाणार, पिणार, बाळाचे पापे घेणार. घोडीच अडली तर तिने पुढचं घर धरायचं.

यंदा चादरीत सुचेताचा नवरा होता, अनुप. लगाम शेजारच्या गॅरेथच्या हातात. ‘तुमच्या भाषेत होऊन जाऊ दे’ ही टूमही त्याचीच.

सुचेताने साखळी न काढता दार किलकिलं केलं. “अनुप, कुणाला आत आणू नकोस हं. डॉक्टर आहेस ना तू?”

“नो, नो. यमकात, लव्ह,” गॅरेथ म्हणाला.

जबडा वाजला. चादरीतून अनुपचा आवाज आला, दोन ग्लास पोटात गेलेला.

“दाराला साखळी, खिडकीला टेप,
पोरीच्या नाकाशी आरसा, एवढीच हिची झेप!”

गर्दीत मराठी कळणारी एकटी सुलक्षणा, अनुपच्याच वॉर्डातली, नागपूरची. ती खळखळून हसली. ती हसली म्हणून बाकीचेही हसले.

“दहादा फोन वॉर्डात, मी असतो कामी,
नर्स विचारते, डॉक्टर, बायको की सुनामी?”

“अगं, दे की उत्तर,” सुलक्षणा डोळे पुसत म्हणाली. “एवढी एम.ए. झालीस ती कशाला?”

सुचेताने वर बाळाच्या खोलीकडे कानोसा घेतला. गॅरेथने दारावर हात ठेवला. जबडा पुन्हा वाजला.

“जिन्यावर पोर घेतली की हिचे हात कापतात,
म्हणते, ‘सोडलीच तर?’ आणि डोळे झाकतात!”

टाळ्या पडल्या. यमक कानाला छानच लागलं होतं. सुलक्षणाचं हसू मात्र तोंडावरच थिजलं. तिने सुचेताकडे पाहिलं, मग वर, बाळाच्या खिडकीकडे.

हे सुचेताने जगात एका माणसाला सांगितलं होतं. एकदाच, त्याच्या खांद्यात तोंड खुपसून.

तिने साखळी काढली. दार सताड उघडून उंबऱ्यात उभी राहिली आणि लग्नात उखाणा घेतात तसं, हात जोडून, गोड आवाजात म्हणाली,

“समईच्या उजेडात दरवळतो धूप,
तीनदा नापास होऊन पास सांगतात अनुप.”

जबडा उघडा तो उघडाच राहिला. अनुप डॉक्टरांची मेंबरशिपची परीक्षा पास झाल्याची पार्टी सुलक्षणाच्याच घरी झाली होती. पेढे तिने खास लंडनच्या एजवेअरहून मागवले होते.

“काय म्हणाली?” गॅरेथने विचारलं.

“नवऱ्याचं नाव घेतलं,” सुलक्षणा चादरीकडे बघत म्हणाली. “आमच्यात पद्धत आहे.”

“हाऊ लव्हली!” कुणीतरी म्हणालं. पुन्हा टाळ्या पडल्या, मघापेक्षा जोरात.

“सुचे,” चादर पुटपुटली. “सुचे, ऐक ना. सुलक्षणा, मी तुला सांगणारच होतो…”

“यमकात, मेट,” गॅरेथने लगामाला हिसका दिला. कवटी गदागदा हलली. लोक वाट बघत राहिले. कुणी पायाने ठेका धरला.

“अडली,” सुचेता म्हणाली. “आता पुढचं घर घ्या.”

आणि तिने दार लावून घेतलं.