मिलोची भाकरी

बहात्तरच्या दुष्काळाने सोलापूरकरांना मिलो खायला लावली. रेशनवरची ती तांबडी, परदेशी ज्वारी. थापताना कडेने चिरायची आणि तव्यावर जाईपर्यंत भाकरीचे दोन तुकडे. दानम्मा मास्तरीण. सकाळची शाळा, मग रेशनची रांग, मग नळाची. नवरा पंचाक्षरी गिरणीत पाळीवर. बाई उभ्या उभ्या डुलकी काढायला शिकली होती.

आणि घरात सासू ईरम्मा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जीभ मात्र ठणठणीत. जेवण झालं की ताटली धुऊन ते पाणी पिऊन टाकायचं, कण वाया घालवायचा नाही, अन्न म्हणजे प्रसाद, ही त्यांच्या लिंगायत घराची रीत. ईरम्माने ती साठ वर्षं पाळली. मिलो आली आणि तिने सोडली. अर्धी भाकरी खायची, ताटली सारायची. “हे जनावराचं खाणं. ह्याला परसाद कोण म्हणंल?”

दोन तास रांगेत उभं राहून आणलेलं धान्य! दानम्माच्या ते जिव्हारी लागलं. तिने अक्कलकोटच्या नणंदेला, नीलम्माला, पत्र धाडलं: आईला घेऊन जा, माझ्याच्याने होत नाही. रविवारी नीलम्माचा नवरा न्यायला येणार होता. म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी म्हातारीने पुन्हा ताटली सारली. दानम्मा रोजची पोथी वाचून दाखवायला बसली, तशी म्हातारी म्हणाली, “पुराणं बास झाली. माणसांचं कायतरी वाच.”

शाळेच्या कपाटातून हाताला लागलेलं एक पुस्तक घरात होतं. परदेशातलं एक शहर, शत्रूचा वेढा, त्यात अडकलेलं एक कुटुंब. दानम्मा जांभया देत वाचू लागली. आई चामड्याचा पट्टा उकळून पोरांना त्याचं पाणी पाजते, इथे तिची जांभई थांबली. आजी रोज आपला पावाचा तुकडा नातींना देते आणि सांगते, मी शेजारणीकडे खाऊन आले.

पुढचं पान दानम्माने मनात वाचलं आणि पुस्तक मिटलं.

“म्होरं?”

“संपलं, आत्ती.”

“खोटं. ती शेजारीण कवाच मेली हुती न्हवं? म्हातारीबी गेली.”

“तुमाला कसं कळलं?”

“चूल सांभाळलीया मी. कळतंय की.”

मग ईरम्मा म्हणाली, “आण ती ताटली.”

तिने उरलेली भाकरी खाल्ली. वाईट आहे, घशात अडकते, सगळं बोलत खाल्ली. मग पाणी मागितलं, ताटली बोटांनी नीट धुतली, आणि ते पाणी पिऊन टाकलं. दानम्माला भडभडून आलं. त्या आजीला भरवायला कुणाजवळ काही नव्हतं. आपल्याकडे तांबडी का असेना, भाकरी आहे, आणि ती खायला समोर माणूस आहे. एवढं असून आपण त्या माणसालाच घराबाहेर काढायला निघालो, याची तिला लाज वाटली.

ताटली खाली ठेवत म्हातारी म्हणाली, “माझी दोन लुगडी बांधून ठेव. उद्या जावई येणार हाय न्हवं?”

दानम्मा गारच पडली. “कुणी सांगितलं?”

“डोळं गेल्यात माझं. कान हायती. पत्र तूच धाडलंस न्हवं?”

“व्हय, मीच. दमले हुते.”

“आता न्हाय दमलीस?”

“लई दमलेय, आत्ती. पन तुमी कुटं जायचं न्हाय. जावयांना जेवायला घालू आन् लावून देऊ.”

ईरम्मा चाचपडत उठली, दाराशी गेली आणि उंबऱ्याला टेकून बसली.

“मग पड जरा,” ती बाहेर तोंड करून म्हणाली. “नळाचा आवाज आला की उठवते तुला.”