मुका पूल

नणंद हात मोडून राहायला येणार म्हटल्यावर वहिनीने मनाशी ठरवलं, चार दिवस गोड बोलून काढायचे.

नणंद वयाने मोठी. पोहायला शिकवायची. तलावाच्या काठावर पाय घसरला आणि डावं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. जीभ मात्र शाबूत होती, आणि ती पहिल्यापासूनच फटकळ. वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. तिचं सगळं हळू, जपून. दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला आधी बोलावं लागतं.

आल्या आल्या नणंदेने बॅगेतून कपड्यांच्या आधी लॅपटॉप बाहेर काढला. त्यात एक गेम होता, जुन्या काळातल्यासारखा, ठोकळ्याठोकळ्यांचा. इवलासा चौकोनी माणूस आपोआप धावत राहायचा. बारीक, पिपाणीसारखी धून वाजायची आणि तिच्या ठेक्यावर त्याला उडी मारायला लावायचं किंवा वाकवायचं. ठेका चुकला की गडी खाली, आणि लेव्हल पहिल्यापासून.

"उजव्या हाताने उडी, डाव्याने वाकणं," नणंद म्हणाली. "आता एका हाताने काय करू, कपाळ?"

वहिनी भाजी निवडत होती. काय सुचलं कोण जाणे, ती म्हणाली, "ताई, वाकवायचं मी बघू का?"

"तू?" नणंदेने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बस."

पहिल्या दिवशी त्या माणसाचे हाल कुत्रा खाईना. वहिनी प्रत्येक वेळी उशिरा. नणंद करवादायची, "अगं, विचार कसला करतेस? ऐक नुसतं!" वहिनीचे कान लाल व्हायचे, पण ती उठली नाही.

मग रोज दुपारी दुकान बंद असायचं तेवढ्या वेळात दोघी खिडकीचा पडदा ओढून शेजारी शेजारी बसू लागल्या. ती धून वहिनीच्या अंगात भिनली. दुकानात काच घासताना तिला वाटायचं, समोरच्या भिंतीवरून जांभळे ढग सरकताहेत, आपण त्यांच्यावरून पाय न टेकता चाललो आहोत. गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारली की ती भानावर यायची.

ढगांची लेव्हल मात्र सुटेना. तिथे एक पूल होता. त्यावर पाऊल पडलं की धून थांबायची आणि पूलही दिसेनासा व्हायचा. उरायचं फक्त निळं आभाळ आणि धावणारा माणूस. न वाजणाऱ्या ठेक्यावर उडी, वाकणं, पुन्हा उडी. दोघी मनातल्या मनात मोजायच्या आणि दोघींचं मोजणं वेगळं निघायचं.

"आपलं जमायचं नाही," एकदा नणंद थकून म्हणाली. तिचा श्वास संथ चालला होता, पाण्यात शिरण्याआधी घेतात तसा. खांद्याला खांदा लागला होता, त्यामुळे वहिनीला तो कळत होता. हळूहळू तिचाही श्वास त्याच चालीवर आला.

"पुन्हा लावा," वहिनी म्हणाली.

माणूस पुलावर आला. धून थांबली. खोली पाण्याखाली गेल्यासारखी झाली. नणंदेने श्वास आत घेतला, उडी. सोडला, वहिनीचं बोट खाली. मग दोन ठेक्यांमधली जागा लांबली आणि वहिनी ओरडली, "आता! मार ना गं उडी, मार!"

उडी बसली. धून परत आली, पण वेगळी, सौम्य. पलीकडे फिकट हिरवं माळरान होतं. तिथे काही अडवायला नव्हतं. माणूस सावकाश चालत राहिला, आणि दोघी बटणांवरून हात उचलून त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"मला 'गं' म्हणालीस," नणंद म्हणाली.

वहिनी चपापली. "चुकून निघालं तोंडातून, ताई."

"चुकून कशाला? 'तुम्ही-तुम्ही' ऐकलं की मला शाळेतल्या बाईंसारखं वाटतं."

पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघालं. हात वाळका, पांढुरका दिसत होता. नणंदेने बॅग भरायला घेतली. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"राहा ना अजून," ती म्हणाली. 'तू' ओठांपर्यंत येऊन अडखळलं, मग निघालं. "तू असलीस की दुपार बरी जाते."

नणंदेने हातातला टॉवेल पुन्हा झटकून मोकळा केला.

"गॅलरीत दोरीला जागा आहे का?" तिने विचारलं. "उद्यापासून पाण्यात उतरणार आहे. ओले कपडे वाळत टाकायला लागतील."