भुताची जागा

मी भूत बोलतोय. दचकू नका, मी कुणाला झपाटलेलं नाही. मी बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाच्या टेबलावरचा एक जुना चेंडू आहे आणि आमच्या हॉलमध्ये मला सगळे याच नावानं ओळखतात.

जन्मलो तेव्हा मी भूत नव्हतो. एका कारखान्यात गरम, दाट रस साच्यात ओतला, तो थिजला आणि मी झालो. मग मला तासलं, घासलं, आरशासारखं चकचकीत केलं. पोटावर पिवळा पट्टा आणि त्यात नऊचा आकडा. भावंडांबरोबर खोक्यात बसून मी या हॉलमध्ये आलो. हिरव्या कापडावर धावायचं, एकमेकांवर आपटायचं, कडेच्या भोकात, म्हणजे पॉकेटात पडायचं, पुन्हा वर यायचं. मजेत होतो.

एकदा एका धसमुसळ्या खेळाडूनं ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, असा काही हाणला की मी टेबल ओलांडून थेट फरशीवर! माझा टवका उडाला. टवका उडालेला चेंडू सरळ धावत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी नवा नऊ नंबर आला आणि मी खडूंच्या तुकड्यांबरोबर खणात जाऊन पडलो.

तिथून मला बाहेर काढलं मास्तरांनी. ते हॉलमध्ये खेळ शिकवायचे. मालक म्हणाले, "अहो, फुटका आहे तो. काय करणार त्याचं?"

मास्तर म्हणाले, "याला कुठं धावायचंय? नुसतं बसायचंय."

माझं नवं काम खरंच तेवढंच होतं. क्यूच्या काठीनं पांढरा चेंडू मारायचा आणि त्यानं समोरच्या चेंडूला पॉकेटात ढकलायचं, असा खेळ. समोरचा चेंडू पांढऱ्याच्या आणि पॉकेटच्या सरळ रेषेत नसला की त्याला तिरका कट मारावा लागतो. नवशिक्यांचं घोडं इथंच अडतं. मास्तर काय करायचे, पॉकेटपासून त्या चेंडूपर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढायचे, ती तशीच मागे वाढवायचे आणि त्या रेघेवर, चेंडूला अगदी चिकटून, मला ठेवायचे. "पांढऱ्याला इथं यायचंय. या भुताच्या जागी. बघून घ्या नीट." सगळ्यांनी बघितलं की मला उचलून घ्यायचे. पांढरा बरोबर माझ्या जागी आला, की समोरचा चेंडू निमूट पॉकेटात जायचा.

पोरं तरीही चुकायची. चेंडूला जिथं स्पर्श होणार त्या बिंदूवरच नेम धरायची. मग मास्तर विचारायचे, "आपले मालक दारातून आत येतात तेव्हा आधी काय येतं?"

"पोट!" पोरं ओरडायची.

"हां! पांढऱ्यालाही पोट आहे. स्पर्श पोटाला होणार, पण नेम धरायचा तो भुताच्या मध्यावर." गल्ल्यावरचे मालक पोटावरून हात फिरवत हसायचे.

जागा दाखवायची आणि उठून जायचं, असं माझं आयुष्य. मला त्यात कमीपणा वाटला नाही. मी नसताना कुणीतरी माझ्या जागेकडे टक लावून बघतंय, हे सुख किती जणांच्या वाट्याला येतं?

मास्तरांची मुलगी माझ्यासमोर वाढली. पाटावर उभी राहून क्यू धरायची तेव्हापासून तिला मी ओळखतो. कॉलेजात जायला लागली आणि तिच्या जिभेला धार आली. हॉलमध्ये सगळे तिला ठिणगी म्हणायचे. मालक उधारीवरून कुणा गरिबाला बोलले, की ही मधे. मोठ्या खेळाडूनं खोटा फाऊल मागितला, की ही मधे.

बापालाही ती सोडायची नाही. "बाबा, आता कुणी भूत मांडून शिकवत नाही. चेंडूचे भाग पाडून बघतात. हा अर्ध्या बॉलचा कट, हा पाव बॉलचा."

"अर्धा, पाव! भाजी घ्यायला आलीयेस का?"

"तुम्हाला नवीन काही सांगायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं."

"मग भिंतीला शिकव. मी चहा घेऊन येतो."

असं रोज चालायचं. दोघांनाही त्याशिवाय करमायचं नाही.

मग एका दुपारी मास्तरांनी मला मांडलं आणि ठिणगी म्हणाली, "बाबा, भूत चुकलंय. जरा इकडे हवं."

"तुझ्या जन्माआधीपासून ठेवतोय मी. मार."

तिनं नेमका माझ्या जागी पांढरा आणला. समोरचा चेंडू पॉकेटशेजारी टेबलाच्या कडेच्या कुशनवर आपटून परत आला.

"बघा!"

"तुझा हात हलला."

पुन्हा मारला. पुन्हा कुशन.

"हलला हात."

"हात नाही हलला! तुम्ही डोळे दाखवून या एकदा. काल स्टुलाला धडकलात, परवा दाराच्या चौकटीला."

"माझ्या डोळ्यांचं मी बघतो. तू तुझ्या तोंडाचं बघ."

मोठ्या माणसांचं हे मला कधी समजलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला म्हटलं की यांना असं का वाटतं की कुणी आयुष्यभराची कमाई हिसकावून घेतंय? ठिणगी खरं तेच सांगत होती. मला ठेवणाऱ्या बोटांना ते कळत होतं. पूर्वी ती झटकन सुटायची. आता मला ठेवून झाल्यावरही थोडा वेळ माझ्यावरच रेंगाळायची.

बाप-लेकीचं बोलणं बंद झालं. त्यातच मालकांनी ठरवलं की रविवारी पालकांना बोलवायचं आणि शिकवणी कशी चालते ते दाखवायचं. नवा, तरणा शिक्षक आणावा असं त्यांच्या मनात घोळत होतं. मास्तरांना ते उडत उडत कळलंच होतं.

रविवारी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुर्च्या भरल्या होत्या. त्यांनी पोटाचा विनोद केला, लोक हसले. मग त्यांनी मला मांडलं.

चुकलं होतं. चांगलं बोटभर चुकलं होतं.

ठिणगी क्यू घेऊन समोर उभी. तिला ते दिसलं. मालक दाराशी हाताची घडी घालून बघत होते. तिनं बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलणार. आजवर ती कधी गप्प बसली होती?

तिनं तोंड मिटलं. खाली वाकली.

मास्तरांनी मला उचलून मुठीत घेतलं. बोटांच्या फटीतून मी बघत होतो. पांढरा निघाला आणि तिच्या हातून पहिल्यांदाच तो माझ्या जागी आला नाही. मी जिथं असायला हवा होतो, तिथं आला. चेंडू अलगद पॉकेटात पडला. टाळ्या वाजल्या. मालकांनी हाताची घडी सोडली.

मास्तर तिच्याजवळ सरकले. "काय गं? डोळे दाखवून येऊ?"

ती म्हणाली, "नको, बाबा. माझाच हात हलला होता."

त्या दिवशी त्यांनी तिला घरी जाताना आइसक्रीम खाऊ घातलं. मी खिशातच होतो. अबोला सुटला म्हणून मास्तर खुशीत होते, सारखे बोलत होते. ती फक्त हं, हं करत होती.

त्यानंतर तेच चालू राहिलं. मास्तर मला मांडायचे आणि ती खडूची पूड झटकण्याच्या निमित्तानं मला हळूच सरकवायची. पोरांना तिनं डोळ्यांनीच दटावलं होतं. हळूहळू अख्ख्या हॉलला कळलं. मालकांनाही कळलं, तेही गप्प. फक्त मास्तरांना माहीत नव्हतं. भूत कधी चुकत नाही म्हणून ते आणखी ताठ चालायला लागले.

मग एक दिवस हॉलच्या जिन्याची शेवटची पायरी त्यांना दिसलीच नाही. हात मोडला. हाताच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. म्हणाल्या, "काचबिंदू आहे. कडेची नजर आधी जाते. गेलेली परत येत नाही. वेळेवर आला असतात तर उरलेली तरी नीट धरून ठेवता आली असती. कामात काही चुका व्हायला लागल्या होत्या का?"

"छे!" मास्तर हसले. चांगला हात खिशात घालून त्यांनी मला बाहेर काढलं. "नजरेचंच काम आहे माझं, बाई. एकदाही चुकलं नाही. विचारा हिला."

ठिणगी भिंतीला टेकून उभी होती.

"चुकत होतं, बाबा."

"काय?"

"त्या रविवारीही चुकलं होतं. त्यानंतर रोजच. मी सरकवत होते."

मास्तरांनी तळव्यावरच्या मला अंगठ्यानं चाचपलं. मग ते बोलले. आवाज चढला नव्हता, उलट फार बारीक झाला होता.

"तू तर कुणाला सोडत नाहीस गं. मलाच का सोडलंस?"

 

आता शिकवणी तीच घेते. टेबलावर एक पट्टी आणि दोरा ठेवते, मला मांडते, पोरांना विचारते, "बरोबर आहे?" पोरं हो म्हणाली तरी तिला चालत नाही, दोरा लावून बघायला लावते. माझा आकडा आता पार पुसला गेलाय. दुसरा टवका निघाला की माझी रवानगी खणात होईल. त्याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते सकाळी. हॉल उघडण्याआधी बाप-लेक येतात. मास्तरांना आता समोरचा फक्त थेंबभर उजेड दिसतो. ती त्यांचा हात धरून पॉकेटवर ठेवते, मग चेंडूवर. ते बोटांनी रेघ चाचपतात, मला मांडतात आणि थांबतात.

जी माणसं तुमची आहेत त्यांचं भूत चुकलं तर तुम्ही काय कराल ते मला ठाऊक नाही. एवढंच मागतो, मला मुकाट्यानं सरकवू नका. त्यांच्या देखत सरकवा. त्यांना दिसतंय तोवर.

"बरोबर?" मास्तर विचारतात.

"नाही, बाबा."

ते मला सरकवतात. "आता?"

"नाही."

तिचा आवाज चिरकतो, पण ती बोलते. मास्तर मान हलवतात आणि मला पुन्हा सरकवतात.