खुर्चीवरून उतरवणारी शिट्टी

मी बोलतेय, लाल शिट्टी. खरं तर बोलणं माझ्या स्वभावात नाही, मी किंचाळते. बाहेर प्लास्टिकचं कवच आणि पोटात बुचाची एक गोळी, एवढाच माझा संसार. साच्यातून माझ्यासारख्या शेकडो जणी निघाल्या. मी मात्र पोहण्याच्या तलावावर, एका जीवरक्षक बाईच्या गळ्यात पडले, आणि त्याचा मला अजून माज आहे.

उंच खुर्चीवर बसून माझी मालकीण डोळ्यांत तेल घालून पाण्यावर लक्ष ठेवायची. पण अर्धा तास झाला की दुसरा जीवरक्षक यायचा आणि तिला खाली उतरावंच लागायचं. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "मी दमले नाहीये, बसते अजून थोडी." तिथल्या मुख्य जीवरक्षकांना सगळे काका म्हणत. ते शांतपणे म्हणाले, "दमायच्या आधी उतरायचं असतं, पोरी. दमलेल्या डोळ्यांना पाणी दिसतं, बुडणारा दिसत नाही." आठ वर्षं तिने हा नियम पाळला.

पुढे तिची लेक सारखी आजारी पडू लागली, शाळा बुडू लागली. मालकिणीने नोकरी सोडली, कंबर कसली आणि लेकीला घरीच शिकवायला घेतलं. माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या खणात झाली, चिकटपट्टी आणि संपलेल्या पेनांच्या शेजारी.

तिथून मला सगळं ऐकू यायचं. सकाळी आठला उघडलेली वही जेवायच्या वेळीच मिटायची आणि जेवतानाही पाढे चालायचे. "एवढं संपवू, मग उठू," असं मालकीण म्हणायची, आणि ते एवढं कधी संपायचंच नाही. मुलीचा बाबा बेकरीत कामाला, दुपारी घरी यायचा. तो म्हणायचा, "जरा चक्कर मारून ये, मी बसतो तिच्याजवळ." त्यावर ही म्हणायची, "तू बसलास की दोघं नुसते खिदळता." खणात पडल्या पडल्या माझा नुसता संताप व्हायचा. अगं, तुला तर नियम पाठ होता!

एका मंगळवारी लेकीने भागाकाराची दहा गणितं केली. आईने पटापट दहा लाल फुल्या मारल्या. लेकीने मुकाट्याने सगळं खोडलं, पुन्हा केलं. तीच उत्तरं आली, म्हणून पुन्हा खोडलं. शेवटी कागदच फाटला.

दुपारी बाबाने वही पाहिली. "अगं, तू पुढच्या पाठाची उत्तरं बघून तपासलंयस. हिची सगळी बरोबर होती."

आईने हातपाय गाळले. "माझ्याने नाही होत. पुढच्या महिन्यात शाळेत घालू हिला."

"मी ढ आहे म्हणून?" लेकीने विचारलं.

फाटलेलं पान जोडायला म्हणून आईने चिकटपट्टीसाठी खण उघडला आणि तिच्या हाती मी लागले. मला मुठीत धरून ती लेकीजवळ बसली. मग काकांचं बोलणं तिने लेकीला जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, "तू ढ नाहीस गं. मीच खुर्चीवरून उतरले नाही."

"मग आता उतर," लेक म्हणाली.

तेव्हापासून मी लेकीच्या गळ्यात आहे. चाळीस मिनिटं झाली की फुर्र! गणित अर्धं असलं तरी आई उठते आणि रस्त्याच्या टोकापर्यंत एकटी जाऊन येते. दुपारचा तास बाबाचा. दोघं खिदळतात, आणि वाचतातही. सुरुवातीला उठणं आईच्या जिवावर यायचं. "हे एवढंच..." असं ती म्हणायची आणि मी तिचं वाक्य तोडायचे. शाळेचा महिना आला आणि गेला. कोणी विषयही काढला नाही.

आता माझा रंग उडालाय, गोळी झिजलीय, आवाज घोगरा झालाय. तुमच्याही घरी कोणी खुर्ची सोडत नसेल, तर कृपा करून खण उघडून बघा. आमच्यातली एखादी तिथे वाट बघत असेल.

काल तर गंमतच झाली. लेक गणितात इतकी रंगली की मला फुंकायलाच विसरली. आईने घड्याळ पाहिलं, मला ओढून घेतलं आणि असं फुंकलं की माझी गोळी गरगरली.

"आई, एकच पायरी राहिलीय."

"राहू दे. उतर."

दोघी बाहेर पडल्या. वही उघडीच होती.