न खोडलेला रकाना

मनालीचं पत्र आलं त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं आणि इंद्रभान तायडे सरांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं होतं असंही नाही. सर जे पुस्तक वाचायला घेत, त्यात ते खुणेसाठी ठेवत. पुस्तक संपलं की पत्र पुढच्या पुस्तकात मुक्कामाला जाई. जळगाव जामोदच्या त्या दोन खोल्यांतली निम्मी कपाटं ते असं फिरून आलं होतं.

मनाली सरांची जुनी विद्यार्थिनी. आता पुण्यात कॅन्सरवर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा चालवत होती. तिनं लिहिलं होतं:

'सर, तुम्हाला वाटेल इथं परीक्षानळ्या असतील. एकही नाही. आम्ही सहाजण आणि आमचे संगणक. रक्तातली हजारो प्रथिनं यंत्रावर मोजून येतात, आणि त्या आकड्यांच्या ढिगाऱ्यात तोंडाच्या कॅन्सरची आधीच कळणारी खूण सापडते का, ते आम्ही पाहतो. आपल्या शाळेतल्या शिबिराच्या रक्तात तशी तीन प्रथिनं सापडलीत. आजारी माणसांत वाढलेली, धडधाकट माणसांत नाहीत. पण माझी सहकारी अलफिया म्हणते, रक्त तासन्‌तास तसंच पडून राहिलं तरी हीच तीन वाढतात. तिच्या प्रोग्रॅमला दुसऱ्या दिवसाच्या नळ्यांचा संशय येतो. मी तिला नोंदवही दाखवली. प्रत्येक नळीपुढं लिहिलंय, पन्नास मिनिटांत यंत्रात फिरवली. अक्षर तुमचं आहे, म्हणून मला संशय नाही. तरी तिच्यासाठी एक ओळ लिहाल? वेळा खऱ्या आहेत ना?'

ती एक ओळ सरांना लिहिता आली नव्हती. कारण वेळा खऱ्या नव्हत्या.

अकरा वर्षांपूर्वी मनाली संशोधनाचं शिक्षण घेत होती, तेव्हाची गोष्ट. तिच्या अभ्यासाला रक्त गोळा करायला सरांच्या शाळेत दोन दिवसांचं शिबिर. पहिल्या दिवशी चांगली हिंडती-फिरती माणसं आली: बचत गटाच्या बाया, शिक्षक. एक नंबरची नळी जनकाबाईंची, सरांच्या पत्नीची. सुईला भिणाऱ्या बायांना धीर यावा म्हणून त्या पदर खोचून आधी बसल्या आणि रक्त निघेस्तोवर सुई धरलेल्या हबीबशी भाजीच्या भावावर भांडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तंबाखू-खर्ऱ्यानं तोंडात चट्टे पडलेली माणसं. हबीब सरकारी दवाखान्यातला तंत्रज्ञ. रक्त काढायचं आणि ते गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायच्या यंत्रात घालायचं, हे काम त्याचं. तासाभराच्या आत फिरवायचं, अशी मनालीची सक्त ताकीद होती. नोंदवही सरांकडे.

सरांना घाईत लिहिलेलं अक्षर सहन होत नसे. शाळेचा हजेरीचा कॅटलॉगही ते आदल्या दिवशी आखून तयार ठेवत. तसंच त्यांनी शिबिराच्या आधीच दोन्ही दिवसांचे वेळेचे रकाने भरून टाकले. नऊला काढलं, नऊ-पन्नासला फिरवलं. नऊ-पाचला काढलं, नऊ-पंचावन्नला फिरवलं. पान कसं छापल्यासारखं.

पहिला दिवस तसाच पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मनाली आदल्या दिवसाच्या तयार नळ्या घेऊन नांदुऱ्याला रेल्वे पकडायला गेली, आणि सव्वानऊला, एकही नळी यंत्रात जायच्या आत, लाईन गेली. लाईन आली ती पावणेतीनला. हबीबनं धावत जाऊन गोळेवाल्याकडून बर्फ आणला. एकोणचाळीस ते शहात्तर नंबरच्या नळ्या त्या बर्फात ताटकळल्या.

त्या संध्याकाळी सर नोंदवही उघडून बसले. एवढ्या देखण्या पानावर अडतीस रेघा मारायच्या होत्या. पेन उचललं, ठेवलं. जनकाबाई मागून म्हणाल्या, "खोडा की मंग. खोडल्यानं कागद मरत नाई."

सरांनी खोडलं नाही. जनकाबाई जाऊन आता चार वर्षं झाली होती, पण ते वाक्य काही घरातून गेलं नव्हतं.

आज दुपारी हबीब आला. तोही आता निवृत्त, दाढी पांढरी, आवाज तोच.

"मास्तर, मनालीचा फोन होता. पुढच्या महिन्यात येऊन राह्यली. त्याच तीन चिजांवर मोठा अभ्यास घेते म्हणे, हजार लोकायचं रक्त!"

सरांनी हातातला कप बशीत ठेवला. "माझं उत्तर आल्याबिगर?"

"तुमाले पत्र लिहिलं होतं म्हणे, तं मीबी तेच विचारलं. तं हसली. म्हणे, सर वहीत चूक असली तरच लाल पेन लावत. काही लिहिलं नाई म्हणजे बरोबर."

ते खरंच होतं. एकतीस वर्षं सरांनी वह्या तपासल्या. चूक दिसली की लाल रेघ, नाही दिसली तर पान कोरं. 'छान' लिहायची त्यांना लाज वाटे. पोरं ते कोरेपणच वाचायला शिकली होती. आपण गप्प राहिलो असं सरांना वाटत होतं. तिकडे त्यांनी दीड वर्षापूर्वीच 'बरोबर' म्हणून टाकलं होतं.

"हबीब, त्या वेळा खोट्या आहेत. मी आदल्या दिवशीच लिहून ठेवल्या होत्या."

हबीब खुर्चीतून पुढं सरकला. "अन्‌ मंग बदलल्या नाई? मी तं समजलो तुमी बदलल्या! काऊन नाई बोलले?"

"तिची अकरा वर्षांची मेहनत जाईल."

"आता सांगतलं तं अकरा वर्षं जातीन. नाई सांगतलं तं वरतून हजार लोकायचं रक्त जाईन. लावू फोन?"

"नको. फोनवर माझं तोंड उघडत नाही. अन्‌ तिनं लिहून विचारलंय. त्या अलफियाला कागद दाखवावा लागेल."

सर लिहायला बसले. पहिलं पान माफीतच संपलं. हबीबनं ते वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "मास्तर, तिले टाइम पाहिजे. तुमचं दुःख नाई पाहिजे. बर्फाचं लिहा. अन्‌ ते बी लिहा, बर्फाले लाल शरबत लागेल होतं. पोरगी लय बारीक पाहते."

सरांना हसू आलं. दुसऱ्या कागदावर त्यांनी एकोणचाळीस ते शहात्तर आकडे एकाखाली एक मांडले. पुढं आपल्या जुन्या वेळा निळ्या शाईत लिहिल्या आणि टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं. ते वाळलं होतं. दोनदा झटकावं लागलं. मग एकेक करत अडतीस रेघा मारल्या आणि प्रत्येकीसमोर लिहिलं: पावणेतीननंतर. कितवी नळी आधी गेली, ते हबीब बोटांवर मोजत आठवत होता. जिथं आठवेना, तिथं सरांनी 'आठवत नाही' असंच लिहिलं.

खाली दोनच ओळी. 'नोंदवहीतल्या दुसऱ्या दिवसाच्या वेळा मी आदल्या दिवशी भरल्या होत्या. चूक माझी आहे, अलफियाचा संशय बरोबर आहे.' मग त्याच लाल शाईत: 'तिला माझी शाबासकी सांग.'

हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कागदावर लिहिला होता.

पोस्टात स्पीड पोस्टच्या खिडकीवर दोघं उभे राहिले. आतल्या बाईंनी पाठवणाऱ्याचा मोबाइल नंबर मागितला. सर गोंधळले, हबीबनं पुढं होऊन आपला सांगितला.

"उलटून फोनवर माले शिव्या पडतीन," तो पुटपुटला.

बाईंनी पाकिटावर शिक्का हाणला आणि ते मागच्या थैलीत टाकलं.

"गेलं?" सरांनी विचारलं.

"गेलं, बाबा," बाई म्हणाल्या. "आता मागे घेता येत नाही."

"नकोच आहे मागे," सर म्हणाले.