आफ्राच्या अभ्र्याची चिंधी

चिंधी मी बांधली होती. हे मी पोलिसांना सांगितलं, पाद्र्याला सांगितलं, माझा जबडा तारेने आवळून बांधणाऱ्या डॉक्टरलाही सांगितलं. तिघांनीही 'हो हो' म्हणून मान हलवली. दोनदा 'हो' म्हणणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो.

ईझेल नदीच्या या खोऱ्यात मी जन्मलो आणि इथेच म्हातारा झालो. वर बारमाही बर्फाचे डोंगर आहेत. त्यांच्याकडे आम्ही बघतो ते उद्या गवत कापावं की नाही एवढं ठरवायला. तेच बघायला लोक लांबून येतात, हे मला कासियानमुळे कळलं. कासियान म्हणजे माझ्या भाचीचा, बुर्गीचा, नवरा. चर्चसमोर दोघांचं सायकलींचं दुकान. काही वर्षांपूर्वी त्याने त्या ग्रॅव्हल, म्हणजे खडीवर पळवायच्या, सायकली आणल्या. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, आणि वर बसलेला माणूस असा वाकलेला की त्याला स्वतःचं पुढचं चाक सोडून काही दिसत नाही. खडीचा रस्ता बघितला की या मंडळींच्या तोंडाला पाणी सुटतं. आणि हे खडीचे रस्ते बांधले कुणी? आम्ही. लाकूड खाली आणायला आणि गायी वर न्यायला.

कासियानने नदीकाठून एक वाट आखली. जंगलातून वर, घळीवरच्या लाकडी पुलावरून माझ्या शेजाऱ्याच्या, व्हिर्गिलच्या, कुरणात, तिथे उभं राहून सगळी पांढरी शिखरं बघायची आणि मग माझ्या कुरणातून सुसाट खाली नदीपर्यंत. एक दिवस माझ्या दगडांवर पिवळ्या रंगाचे पट्टे दिसले. कासियान हौदापाशी हात धूत होता.

"जावईबापू, माझ्या दगडांना कावीळ कशी झाली?"

"खुणा आहेत, मामा. लोक वाट चुकू नयेत म्हणून."

"माझ्या गायी चुकत नाहीत. तुझी गिऱ्हाईकं चुकत असतील तर त्यांना घरी बसव."

"गायींनाही हेल्मेट देऊ का भाड्याने?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने मला हौदात ढकललं. मी बाहेर आलो तो दुधाची बादली घेऊनच, आणि ती त्याच्या भुवईवर अशी बसली की रक्त गळून हौद लाल झाला. मग माझ्याच स्वयंपाकघरात मी त्याची भुवई दाबून धरली, आणि दोघांनी जर्दाळूची दारू प्यायली. आवडायचा तो मला. आता म्हणून काय उपयोग?

पण पुढच्या रविवारी गुत्त्यात, भरल्या बैठकीत, मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "एक दिवस अशी तार लावीन, की मुंडकं एकीकडे आणि सायकल एकीकडे!"

सगळे हसले. कासियान सगळ्यांत मोठ्याने. "मुंडकं तेवढं शोधून द्या, मामा," तो म्हणाला. पुढे गावाला माझं वाक्य शब्दन्‌शब्द आठवलं. आपणही हसलो होतो हे कुणालाच आठवलं नाही.

व्हिर्गिल तेवढा हसला नव्हता. त्याचं कुरण माझ्या कुरणाला लागून, वरच्या अंगाला. सायकलवाल्यांना थांबवून हा ताक पाजायचा. गेल्या वर्षी त्यांच्यातल्याच कुणीतरी उघड्या टाकलेल्या फाटकातून त्याचं वासरू निसटलं आणि घळीत पडलं. त्या शरदात त्याच्या गायी उघड्या डोक्याने खाली उतरल्या. उन्हाळाभर सगळे सुखरूप राहिले तर उतरताना गायींच्या डोक्यावर फुलांचे मुकुट चढतात; जनावर दगावलं किंवा घरचं माणूस गेलं तर नाही. वासराबद्दल व्हिर्गिल चकार शब्द बोलला नाही. बोलणारा मी होतो.

आता तारेचं सांगतो. गायी खालच्या कुरणातून वरच्यात न्यायच्या तर वाटेवर आडवी तार बांधावी लागते, नाहीतर त्या सरळ नदीवर जातात. तार बारीक, दिसत नाही, म्हणून मधोमध चिंधी बांधायची. प्रत्येक घराची चिंधी वेगळी. आम्ही लांबूनच सांगतो, ही अमक्याची. माझी चिंधी माझ्या बायकोच्या, आफ्राच्या, उशीच्या अभ्र्याची. निळे चौकडे, आणि कडेला तिनेच विणलेली लाल दोऱ्याची वेल. आफ्रा जाऊन बरीच वर्षं झाली. तो अभ्रा मी पुरवून पुरवून वापरतो.

त्या दिवशी मी तार बांधली, चिंधी बांधली, आणि गायी आणायला झाडीमागे उतरलो. तेवढ्यात वरून खडी उडाल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

कासियान रविवारच्या सहलीआधी एकटाच वाट तपासायला आला होता. सायकल खाली लवणात पडली होती, एक चाक फिरत होतं. तो पाठीवर पडलेला, आणि तारेने गळा खोलवर चिरलेला. रक्त झटक्याझटक्याने येत होतं. मी दोन्ही हातांनी दाबलं, बोटं आत गेली. तो माझ्याकडे बघत होता आणि काही बोलायला गेला की गळ्यातूनच बुडबुडे यायचे. मी ओरडलो, गायी पळाल्या. तो माझ्या हातांतच गेला. वर बघितलं तर तार थरथरत होती, आणि तिच्यावर चिंधी नव्हती.

पोलिसांनी गवत पिंजून काढलं. चिंधी मिळाली नाही. "विसरलात हो, आजोबा," त्यांच्यातला एक म्हणाला. खटला उभा राहीपर्यंत मला घरी सोडलं.

मातीच्या दिवशी मी स्मशानाच्या फाटकाशी उभा राहिलो, आत गेलो नाही. बुर्गी बाहेर आली. काळे कपडे, आणि हातात सायकलचा उभा लोखंडी पंप. घरून आणला होता तिने.

"तू म्हणाला होतास, मामा. मुंडकं एकीकडे."

"बुर्गी, मी चिंधी बांधली होती गं..."

पहिला फटका जबड्यावर. दात जिभेवर आले. मी हात वर केला तर हात मोडला, तो आवाज मलाही ऐकू आला. पडल्यावर तिने बरगड्यांवर मारलं, पाठीवर मारलं, दमली तेव्हा लाथा घातल्या. अख्खं गाव उभं होतं. पाद्री उभा होता. व्हिर्गिल टोपी हातात घेऊन उभा होता. तिला कुणी धरलं नाही.

नंतर माझ्या खिडक्या फुटल्या. दारावर कुणीतरी सायकलची चिरलेली ट्यूब टांगली. गुत्त्यात माझ्या टेबलावर कुणी बसेना. ते मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते हे, की मीच आठवून बघायला लागलो. गाठ मारली होती, की मारीन म्हणून राहून गेली? माझे हात मला खोटं सांगतायत का? बसल्या बसल्या मी एका हाताने खुर्चीच्या पायाला गाठी मारायचो आणि सोडायचो.

माझा हात गळ्यात बांधलेला, म्हणून यंदा माझ्याही गायी व्हिर्गिलच खाली आणणार होता. "शेजारधर्म," गाव म्हणालं. त्याच्या म्होरक्या गायीचा, ब्लूमाचा, मुकुट दर वर्षी बुर्गीच करायची. यंदा ती नाही करणार असं वाटलं होतं, पण तिने केला. कागदी फुलं, मधे आरसा. "कासियान दुकान बंद ठेवून मुकुट बघायचा," ती म्हणे, "आणि व्हिर्गिलदादाच्या घरी तर कुणी गेलं नाहीये."

उतरण्याच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव जमलं. मी माझ्या भिंतीला टेकून, माणसांपासून लांब. वळणावर गायी दिसल्या आणि बायकांची कुजबुज सुरू झाली. एकीच्याही डोक्यावर मुकुट नव्हता. ब्लूमाची मोठी घंटासुद्धा तिच्या गळ्यात नव्हती, व्हिर्गिलच्या खांद्यावर होती.

बुर्गी रस्त्यात धावली. "दादा, कोण गेलं? पोरं कुठायत?"

"पोरं मागे आहेत. बरी आहेत."

"आणि गायी?"

"सगळ्या आहेत."

"मग मुकुट का नाही?"

व्हिर्गिलने टोपी काढली. तेवढ्यात ब्लूमाने मान वळवली, आणि तिच्या डाव्या शिंगाला बांधलेलं मला दिसलं. माझे डोळे म्हातारे, पण ते निळे चौकडे मला डोंगरापलीकडूनही दिसले असते. मी माणसांमधून वाट काढत गेलो. लाल दोऱ्याची वेल.

"ही माझी आहे," मी म्हणालो. जबडा बांधलेला, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुझीच," व्हिर्गिल म्हणाला. "तू बांधली होतीस, आंब्रोस. तू झाडीमागे उतरल्यावर मी सोडली. त्या सकाळी पुन्हा माझं फाटक उघडं टाकून गेले होते. परत वासरू घळीच्या कडेला. मला त्यांच्यातला एक पडायला हवा होता. कुणीतरी. कासियान नको होता, बुर्गी. कासियान नको होता मला."

बुर्गीने त्याच्या हातातली गुरं हाकायची काठी घेतली. त्याने ती दिली. पहिल्या फटक्याला त्याचं नाक फुटलं, दुसऱ्याला कान. तो गुडघ्यांवर आला आणि त्याने हात खालीच ठेवले. खोटं कशाला बोलू, पहिले फटके मी चवीने पाहिले. प्रत्येकाला मनात म्हणालो, आणखी एक. काठी मोडली. मागे त्याचा धाकटा रडायला लागला. बुर्गीने व्हिर्गिलच्या खांद्यावरची घंटा हिसकली, पितळेची, पोराएवढी जड, आणि दोन्ही हातांनी त्याच्या टाळक्यावर उचलली. गाव तेच, तसंच उभं होतं. पुरुषांच्या टोप्या हातांत गेल्या होत्या.

मी माझ्या चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं.

"सोड मामा!"

"नाही सोडत."

"याने त्याला मारलं! तुला गावभर बदनाम केलं याने! आणि तूच मला धरतोस?"

"माझ्या वेळी तुला कुणी धरलं नाही, बुर्गी."

ती माझ्याकडे बघत राहिली. जबड्यावरची तार, गळ्यातला हात, सगळं जणू आत्ताच दिसल्यासारखं. मग तिचे हात सैल पडले आणि घंटा रस्त्यावर कोसळली. व्हिर्गिल तसाच गुडघ्यांवर बसून होता, नाकातून रक्त गळत. गायी दुधाने फुगल्या होत्या आणि हंबरत होत्या.

मी ब्लूमाच्या शिंगाची गाठ सोडायला लागलो. एका हाताने सुटेना. बुर्गीने सोडून दिली.

"मी चिंधी बांधली होती," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. एकदाच.