आईच्या ऑपरेशनची तारीख

विमानाच्या तिकिटांच्या दुकानात तो वीस वर्षं बसत होता आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचा, "एकाच तारखेला अडून बसलात की तुमचा खिसा कापला जाणारच." लोक आधी नाक मुरडत, मग चार दिवस मागेपुढे होऊन स्वस्तात जात आणि त्याचे गोडवे गात. महिनोन्‌महिने आधी बुकिंग करायला आणि आठवड्याच्या मधल्या वारी निघायला त्याने भल्याभल्यांना शिकवलं होतं. एवढा हुशार माणूस स्वतः मात्र दोन वर्षं आईकडे गेला नव्हता, कारण भाडं त्याच्या मनासारखं उतरत नव्हतं. याला काटकसर म्हणायचं की कोडगेपणा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आईचा फोन आला तेव्हा त्याच्यासमोर तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

"यायचं झालं तर तुला कधी स्वस्त पडेल रे?"

"पुढच्या आठवड्याचं विचारत असशील तर विसर, भाडं आभाळाला टेकलंय. दीड महिन्याने निम्म्यात येतो. का गं, काही काम होतं?"

"काम कसलं? मी काय, घरीच असते. तू बघ तुझ्या सोयीने."

त्याने तिथल्या तिथे दीड महिन्यानंतरच्या मंगळवारचं तिकीट काढलं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कौतुकाने दाखवलंही. त्या दिवशी स्वारी भलतीच खुशीत होती.

मंगळवारी तो उतरला तेव्हा न्यायला ताई आली होती. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "दवाखान्यात जायचंय. उद्या आईचं ऑपरेशन होतं. आज ते रद्द झालं."

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "पोटातली गाठ आता सगळीकडे पसरलीय. कापून उपयोग नाही. मी दीड महिन्यापूर्वीची तारीख दिली होती, पण त्या ऐकेनात. मुलगा येईल त्याच आठवड्यात करा, म्हणाल्या."

बाहेर येऊन तो ताईवर उखडला. "मला एका शब्दाने सांगायचं नाही?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, कळलं तर तो महागाचं तिकीट काढून धावत येईल." ताई त्याच्याकडे बघत राहिली. "आला असतास ना?"

त्याला पटकन हो म्हणता आलं नाही. ते तिच्या ध्यानात आलं आणि तिने मान फिरवली. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

आई खाटेवर पार वाळून गेली होती, पण तोंडाची टकळी चालूच. "सिस्टर, हाच माझा मुलगा. याच्याइतकं स्वस्तात तिकीट कुणाला जमत नाही हो."

तो तिचा हात धरून हमसाहमशी रडला. तिने त्याला मनसोक्त रडू दिलं.

"परतीचं कधीचं आहे?" तिने विचारलं.

"दोन आठवड्यांनी. पण मी ते बदलतोय आई, आता इथेच राहतो."

"बदललं की पैसे जातात ना?"

"जाऊ देत गं!"

"छे, उगाच कशाला?" ती त्याची समजूत काढू लागली. "डॉक्टर महिना म्हणतात, पण ते आपलं अंदाजाने. तू नको काळजी करूस. दोन आठवड्यांत आटोपेल माझं."